सतरा नंबरचं ठिगळ

शेवाळ बघायला तीन माणसं जमत होती, तोवर शेवाळाची कुणाला पडलेली नव्हती. बंद पडलेल्या पंपघराच्या मागे विटांची एक लांबलचक भिंत होती, एका गळक्या पाइपाच्या कृपेने बऱ्यापैकी ओलसर. तिच्यासमोर दर रविवारी सकाळी तिघं जण गुडघ्याखाली चटई घेऊन आणि डोळ्याला भिंग लावून बसत. येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघत आणि पावलं जरा जोरात उचलत. वेड्यांना त्रास देऊ नये एवढी रीत त्या रस्त्याला होती.

तिघांतले पहिले प्रूफकाका. अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून ते निवृत्त झाले होते. दिवसभरात एखादी चूक सापडली नाही तर त्यांना जेवण गोड लागत नसे. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा ते पेन हातात घेऊन वाचत. दुसरे दंतवैद्य. दाढेमागे बघायचा छोटा आरसा ते घेऊन येत आणि विटांच्या खाचांतून फिरवत. त्यांचं म्हणणं असं, की भिंत तोंड उघडं ठेवते आणि ओरडत नाही. तिसऱ्या नर्सबाई. सरकारी इस्पितळात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झाल्या आणि त्यानंतर घरात बसवेना म्हणून फिरता फिरता इथे येऊन टेकल्या, त्यालाही आता चौदा वर्षं झाली होती.

नियम चार होते आणि चारही प्रूफकाकांनी केलेले. शेवाळाला हात लावायचा नाही. वीतभर अंतरावरून बघायचं. एकाने एकच ठिगळ सांभाळायचं. आणि माहीत नसेल तर वहीत 'माहीत नाही' असं लिहायचं. शेवटचा नियम सगळ्यात जास्त वापरात होता. पहिल्या नियमाचा मात्र काकांना अभिमान होता. बोट लागलं की बघणं संपतं आणि खाजवणं सुरू होतं, असं ते म्हणत.

भिंतीवरच्या हिरव्या ठिगळांना त्यांनी डावीकडून उजवीकडे नंबर दिले होते. नर्सबाईंनी सतरा नंबर घेतला. तो घ्यायला कारणही होतं. उन्हाळ्यात पाइप आटायचा, बाकीची ठिगळं तपकिरी पडायची, काही तर भाजल्यासारखी काळी व्हायची. सतरा नंबर हिरवा तो हिरवाच. हे कुठल्या जातीचं शेवाळ, ते कुणाला सांगता आलं नाही. वहीत 'माहीत नाही' अशी नोंद झाली आणि नर्सबाईंनी खाटेवरचा पेशंट ताब्यात घ्यावा तसा सतरा नंबर ताब्यात घेतला. त्या 'तो सतरा नंबर' असंच म्हणत. "आज सतरा नंबर बरा आहे," असं सांगूनच त्या चहाचा थर्मास उघडत.

सगळं छान चाललं होतं. मग भाची आली.

प्रूफकाकांची भाची जाहिरातीच्या कंपनीत होती. पोरगी गुणाची, मामावर जीव टाकणारी. एका रविवारी मामा चष्मा घरी विसरले म्हणून तो द्यायला ती भिंतीपाशी आली. नर्सबाई भिंतीला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवून सतरा नंबरला कुजबुजत होत्या, "आज तब्येत बरी दिसतेय हं तुझी." भाचीने फोन काढला. चाळीस सेकंदांची फीत. तिने ती कौतुकानेच टाकली होती, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

पुढच्या रविवारी अकरा माणसं आली, महिन्याभरात चारशे. सहा महिन्यांत संघटना झाली, तिला बोधचिन्ह आलं आणि बोधचिन्हाला घोषवाक्य. गुडघ्यांना बांधायच्या हिरव्या गाद्या निघाल्या. ज्यांनी आयुष्यात एक वीट निरखली नव्हती त्यांच्या गळ्यात तीन-तीन भिंगं लोंबायला लागली. कंपन्या आपल्या माणसांना बसमध्ये घालून आणू लागल्या. भिंतीसमोर अर्धा तास गप्प बसवलं की माणसं कामाला चांगली लागतात, असं कुणीसं शोधून काढलं होतं. शेवाळावर फवारा मारावा की मारू नये यावरून दोन गट पडले आणि त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. "मी फार जुना आहे हो, मार्चपासून येतो," असं सांगणारा माणूस प्रूफकाकांना भेटला तेव्हा मे महिना चालू होता.

मग अभ्यासक्रम आला. अंकुर, हिरवळ आणि गालिचा अशा तीन पायऱ्या. पहिली पायरी पार केल्याशिवाय दोरीच्या आत बसता येणार नाही असं ठरलं, कारण आता दोरीही आली होती. काका परीक्षेला बसले. चाळीस प्रश्न, बहुतेक त्यांच्याच वहीतून काढलेले. त्यांनी एकोणीस ठिकाणी 'माहीत नाही' असं लिहिलं आणि नापास झाले. तपासणारा सात महिन्यांचा अनुभवी तज्ज्ञ होता. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "काका, मनाला लावून घेऊ नका. पुष्कळ लोक दुसऱ्या खेपेला पास होतात."

भाचीला हे कळलं तेव्हा तिने जीभ चावली आणि मामांना 'संस्थापक' असा बिल्ला करून दिला. बिल्ला लावला की परीक्षेशिवाय दोरीच्या आत जाता येई.

या सगळ्यात मोठा झाला तो सतरा नंबर. तो सदऱ्यांवर आला, पेल्यांवर आला, एका केशतेलाच्या बाटलीवर आला. आजूबाजूचे सगळे वाळतात, हा हिरवा राहतो, हे लोकांना फार भावलं. माइक लावून भाषण देणारा एक जण दर शनिवारी येऊन सांगे, "परिस्थितीला शरण जाऊ नका. सतरा व्हा!" आणि दोनशे माणसं ओरडत, "सतरा!" सतरा नंबरच्या उजव्या टोकाला एक लांबुडकं शेपूट होतं. गालिचा पायरीवाले त्याला वाढीची दिशा म्हणत आणि त्याच्यावर दोन तासांचं व्याख्यान देत.

अशात संघटनेने ठरवलं, की नर्सबाईंच्या चौदा वर्षांच्या वह्यांचं पुस्तक काढायचं. त्यांचं अक्षर लागत होतं ते फक्त प्रूफकाकांना, तेव्हा मुद्रितं त्यांच्याकडेच आली. बाई स्वतः पहिला गठ्ठा घेऊन काकांचे तीन जिने चढल्या.

"बत्तीस वर्षं मी लोकांचा ताप लिहिला," धाप लागलेली असतानाच त्या म्हणाल्या. "चार-चार तासांनी. पेशंट घरी गेला की तक्ता रद्दीत. पेशंट वर गेला तरी तक्ता रद्दीत. माझं अक्षर कुणी ठेवून घेतंय, असं हे पहिल्यांदाच होतंय बघा."

"एकही चूक राहू देणार नाही," काका म्हणाले. त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं आणि ते त्यांनी मनापासून दिलं.

मुद्रितं वाचताना त्यांना बरं वाटे. 'सतरा नंबर. रात्र शांत गेली असावी. रंग चांगला.' 'सतरा नंबर. शेजारचे सगळे वाळले. याने धीर सोडलेला नाही.' 'सतरा नंबर. आज किंचित गडद वाटला. काळजीचं कारण नाही.' भिंतीपुढच्या गलक्यापेक्षा या कागदांत त्यांना आपला जुना रविवार सापडत होता. पुस्तक पुढच्या सोमवारी छपाईला जायचं होतं.

त्याच्या आठ दिवस आधी, रविवारी, रांगेत एक म्हातारा रंगारी होता. रंगारी हे त्याच्या नखांवरूनच कळत होतं. दोरीपाशी पोचला, त्याने सतरा नंबरकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. काकांनी त्याला बाजूला घेऊन पाणी दिलं.

"हसायला काय झालं?"

"हे माझं आहे," रंगारी म्हणाला.

"काय तुमचं?"

"हे सतरा नंबर. या पंपघराला लाकडी दार होतं बघा पूर्वी. ते मी रंगवलं होतं. पंचवीसेक वर्षं तरी झाली. ऑइलपेंट, बाटलीसारखा हिरवा. काम संपल्यावर ब्रश पुसायला चिंधी सापडेना. म्हटलं मागची भिंत आहे, कोण बघतंय? असा पुसला, असा पुसला, आणि हा शेवटचा झटका." त्याने हवेत हात फिरवला. शेवटचा झटका उजवीकडे गेला, थेट वाढीच्या दिशेने.

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. ते दार केव्हाच काढून तिथे लोखंडी पत्रा बसवला होता, त्यामुळे रंग ताडून बघायचीही सोय नव्हती. "कुणाला बोललात हे?"

"तुम्हालाच पहिलं. आणि शेवटचं." रंगारी रांगेकडे बघत होता. "काका, चाळीस वर्षं भिंती रंगवल्या. एक माणूस कधी थांबून बघून गेला नाही. मुलाच्या घराची बैठकीची खोली रंगवली, जीव ओतून, तर तो म्हणाला, पंखा लवकर लावा. आणि इथे नुसता ब्रश पुसलाय तर ही एवढी रांग! मी कशाला सांगू कुणाला?" आणि त्याने तिथल्या तिथे अर्ज भरून स्वयंसेवकांत नाव घातलं.

म्हातारा थापा मारतोय, असं काकांनी स्वतःला दोन दिवस बजावलं. पण अडतीस वर्षांची खोड जाते कुठे? मंगळवारी दुपारी, स्वयंसेवक डबा खायला गेलेले पाहून, ते बिल्ला लावून दोरीच्या आत गेले. गुडघे टेकले. वीतभर अंतरावर आले आणि तिथे न थांबता आणखी पुढे सरकले. या भिंतीसमोर काढलेल्या बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भिंतीला नख लावलं.

कोरडी खपली निघाली, डाळीच्या दाण्याएवढी. खाली लालभडक वीट. काकांनी खपली भिंगाखाली धरली. तिच्या पोटात ब्रशाचा एक केस होता.

तेवढ्यात मागे शिट्टी वाजली. काकांनी वळून पाहिलं तर चार फोन त्यांच्याकडे रोखलेले होते.

बुधवारी सुनावणी झाली, पंपघराच्या वरच्या खोलीत. अध्यक्ष दंतवैद्य होते, कारण अध्यक्षाला कोट लागतो आणि तो त्यांच्याकडे तयार होता. सचिव भाची. कोपऱ्यात नर्सबाई. मोठ्या पडद्यावर ती फीत तीनदा दाखवली, त्यातली एकदा सावकाश. नख लागलं तिथे एक बाई रडायला लागल्या. मग भाचीने नियम क्रमांक एक वाचला. नियम कुणी केला ते खाली छापलेलं होतं, तेही तिला वाचावं लागलं.

खपली काकांच्या खिशात होती, कागदात बांधलेली. एक वाक्य बोललं असतं तर सगळा डोलारा कोसळला असता. सदरे, पेले, पायऱ्या, तो माइकवाला, ते केशतेल. काकांना मोह झाला नाही असं नाही, चांगला सणसणीत झाला. सात महिन्यांच्या त्या तज्ज्ञाचा चेहरा कसा होईल, हे त्यांनी मनातल्या मनात बघूनही घेतलं. पण मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. नर्सबाईंनी पुस्तकाचं पहिलं पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलं होतं. आपण बोललो तर लोकांना आणखी एक चाळीस सेकंदांची फीत मिळेल: चौदा वर्षं ऑइलपेंटची तब्येत विचारणारी बाई. ती पहिलीपेक्षा दसपट चालली असती.

"मामा, काहीतरी बोला ना," भाची म्हणाली.

"हात शिवशिवले," काका म्हणाले.

नर्सबाई उठल्या. "झोपलेल्या पेशंटची खपली काढलीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्या खाली बसल्या आणि दंतवैद्यांनी मान खाली घालून आजन्म बंदी जाहीर केली. बिल्ला काढून टेबलावर ठेवताना त्याची पिन काकांच्या बोटाला लागली. ते त्यांना दिवसभर दुखत राहिलं.

गुरुवारी नर्सबाई दारात उभ्या. आत आल्या नाहीत.

"कामासाठी आलेय," त्या म्हणाल्या. "माझे डोळे अधू झालेत. दोरीपासून मला नीट दिसत नाही, आणि आत तर आता कुणालाच सोडत नाहीत. तुम्ही जवळून पाहिलंत. खरं सांगा, जखम खोल आहे?"

"वरवरची आहे. भरून येईल."

"आत लाल दिसतंय म्हणतात."

"लाल आहे," काका म्हणाले. हे तरी खरं होतं.

बाईंनी विचार केला. "लाल असणं चांगलं. म्हणजे रक्त पोचतंय." मग जिन्याकडे वळता वळता म्हणाल्या, "पुस्तक सोमवारी जायचं असलं तरी मी शेवटची नोंद दिलेली नाही. पेशंटला असं मध्येच सोडून मला पुस्तक मिटता येणार नाही. नाही भरली जखम, तर पुस्तकच नको."

त्या गेल्यावर काकांनी मुद्रितं बाजूला सारली. मग चपला घालून त्यांनी रंगाऱ्याचं घर गाठलं.

"ती शेड आहे का लक्षात?"

"स्वतःच्या हातची शेड कोण विसरतो?" रंगारी म्हणाला. काय हवंय ते त्याला सांगावं लागलं नाही. "शुक्रवारी आणि शनिवारी सकाळचा पहारा माझ्याकडेच आहे. पहिला हात पातळ देतो, दुसरा जाड. वर थोडी धूळ फुंकतो, नाहीतर नवं दिसेल." बोलता बोलता त्याने सगळ्यात बारीक ब्रश काढून तो दिव्याकडे धरून पाहिला. असा खूश झालेला माणूस काकांनी फार दिवसांत पाहिला नव्हता.

रविवारी भिंतीपाशी नुसता जल्लोष झाला. सतरा नंबर भरून आला होता. माइकवाला त्या दिवशी खास आला. गालिचा पायरीवाल्यांनी सांगितलं, की इतक्या वेगाने भरून येणं हे या जातीचं लक्षणच आहे. ही जात कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही. 'जखमेकडून हिरवळीकडे' अशी कार्यशाळा दुपारच्या आत भरली. प्रूफकाकांना हे सगळं भाचीने फोनवर सांगितलं, कारण त्यांना त्या रस्त्यालाही मनाई होती.

दुपारी नर्सबाई आल्या. या वेळी थेट आत येऊन बसल्या आणि त्यांनी वहीचं पान पुढे केलं. आज भाचीने त्यांच्यापुरती दोरी उचलली होती.

'रविवार. सतरा नंबर. जखम पूर्ण भरली. नवी कातडी शेजारच्यापेक्षा किंचित चमकदार. चौदा वर्षांत याची वाढ मला कधी दिसली नव्हती. आज दिसली.'

"मी तुम्हाला त्या दिवशी बोलले, ते मागे घेते," त्या म्हणाल्या.

"राहू द्या हो."

"राहू द्या काय? एक सांगते, कुणाला बोलले नाही आजवर. मला शंका यायची. नर्स आहे मी, निपचित पेशंट पुष्कळ पाहिलेत. हा इतका कसा तसाच्या तसा राहतो? बऱ्याचदा वाटायचं, हा जिवंतच नाही, आणि मी वेड्यासारखी वह्या भरतेय. या पुस्तकाआधी तर मी ठरवलं होतं, तुम्हालाच विचारायचं. तुम्ही चूक लपवणार नाही. तुम्ही सांगितलं असतंत ना, की बाई, हे काही खरं नाही, तर मी हसून सोडून दिलं असतं." त्या हसल्याही. "पण तुम्ही नख लावलंत आणि तो भरून आला. आता शंकेला जागाच नाही."

काकांनी पेन उघडलं. जी एक गोष्ट विचारायला ही बाई त्यांच्याकडे येणार होती, तिचं उत्तर त्यांनी दोन हात देऊन बुजवून टाकलं होतं. आता खरं सांगायचं म्हणजे एका पेशंटचे दोन मृत्यू सांगायचे. बाईंना तेवढं सोसलं असतं, असं त्यांना आता वाटत होतं. बुधवारीही सोसलं असतं. आपण विचारलंच नाही.

त्यांनी शेवटचं पान समोर ओढलं. एक जादा स्वल्पविराम काढला. 'चमकदार' या शब्दावर पेन थोडं थांबलं आणि पुढे गेलं.

"एकही चूक राहिली नाही ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही," प्रूफकाका म्हणाले. त्यांनी पानाच्या खाली 'छापण्यास हरकत नाही' असं लिहिलं, सही केली आणि शाई वाळेपर्यंत मान वर केली नाही.